निळ्या पाटीवर गॉडर्ड बसवायचे कसे?

हॅरिसबर्गवाली:
लेकीच्या वर्गाला गृहपाठ आलाय: पेनसिल्व्हेनियातल्या एका माणसासाठी रस्त्याकडेच्या ऐतिहासिक पाटीचा मजकूर लिहा. ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची निळी पाटी, पिवळी अक्षरं, डोक्यावर राज्याचं चिन्ह, १९४६ पासून लावतात ती. पाचच ओळी. तिने निवडले मॉरिस गॉडर्ड (१९१२–१९९५), कारण गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या नावाच्या स्टेट पार्कात आम्ही विल्हेल्म तलावाभोवती सायकली हाणल्या आणि माझी चेन तीनदा पडली. तिला तेवढंच आठवतंय.

पहिला मसुदा मराठीत सांगायचा तर: थोर निसर्गप्रेमी, झाडांवर जिवापाड प्रेम, कार्य अजरामर. हे माझ्या माहेरच्या सोसायटीतल्या माळीकाकांनाही लागू पडेल! काय ठेवावं? आणि खरे कागद कुठे बघायला मिळतील?

दप्तरी:
विशेषणं काढा, आकडे ठेवा. १९५५ ते १९७९, चोवीस वर्षं राज्य सरकारचं उद्यानांचं खातं गॉडर्डांकडे. आधी ते वने आणि जलखातं होतं, १९७१ पासून पर्यावरण खातं. गव्हर्नर आले-गेले, पक्ष बदलले, हे गृहस्थ तिथेच. हट्ट एकच: राज्यातल्या प्रत्येक माणसाच्या घरापासून २५ मैलांत एक स्टेट पार्क हवं. त्यांच्या काळात ४५ नवी पार्कं झाली. पैसा कुठून आला तेही बघा. १९६३ मध्ये मतदारांनी ७ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना होकार दिला, त्यातून जमिनी घेतल्या. पुढे ५० कोटींची योजना आली. जागा मिळाली तर हे घ्या, नाहीतर २५ मैल सोडू नका.

खात्याची जुनी दप्तरं राज्य अभिलेखागारात आहेत, म्हणजे तुमच्या गावातच. कुठली खोकी हवीत ते आधी ईमेलने कळवा. पेन घरी ठेवा, आत पेन्सिलच चालते. भाषणांच्या फायली मागे ठेवून पत्रव्यवहार आधी उघडा. समासातले शेरे वाचायला वेळ लागतो, पण माणूस तिथेच सापडतो.

नदीकाठचा:
एक बोचरी गोष्ट राहिली. डेलावेअर नदीवरचं टॉक्स आयलंड धरण गॉडर्डना हवं होतं. १९७५ मध्ये नदीखोरे आयोगात न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि डेलावेअरने नको म्हटलं, पेनसिल्व्हेनियाने हवं म्हटलं. धरण झालं नाही, पण खोऱ्यातली बरीच घरं तोवर रिकामी करून झाली होती. धरणग्रस्त म्हणजे काय हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पाच ओळींत बसणार नाही, पण पोरीच्या कानावर घाला.

हॅरिसबर्गवाली:
घातलं. नवा मसुदा असा: «प्रत्येक घरापासून २५ मैलांत एक उद्यान हवे, या ध्यासाने २४ वर्षांत ४५ उद्याने उभी केली.» 'ध्यास' माझा, बाकी तिचं. आता नकाशावर आमच्या घरापासून मैल मोजत बसलीय. धरणाचं ऐकून म्हणाली, मग ते पाटीच्या मागच्या बाजूला लिहू की. दोन्हीकडे सहसा एकच मजकूर असतो, हे अजून सांगितलेलं नाही.