अनुभव धागा: जुनी गाडी मागून एका बाजूला बसली, तर शेवटी काय निघालं?

नागपुरात ज्यांच्याकडे ॲम्बेसेडर, पद्मिनी, हेराल्ड, बीटल असं काही आहे त्यांनी लिहा. दोष काय निघाला हे तर लिहाच पण तो कसा सापडला हे जास्त लिहा, कारण गाडी तिरपी दिसली रे दिसली की गॅरेजवाला म्हणतो पाटे (मागच्या ॲक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसले, आणि पाटे उतरवून, कमान देऊन, परत चढवून पैसे जातात तरी गाडी तशीच.

सुरुवात मी करतो. ॲम्बेसेडर, मागची उजवी बाजू दोन बोटं खाली. आधी सपाट फरशी शोधली, रोडच्या कडेला मोजूच नका, पाणी वाहून जायला रोडला उतार असतो, गाडी डावीकडं झुकणारच. डिक्की रिकामी केली. हवा सकाळीच चेक केली, आपल्या मे महिन्यात उन्हातल्या बाजूचं टायर वेगळंच प्रेशर दाखवतं. मग जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला, म्हणजे टायरची झीज हिशोबातून जाते. मागं उजवी खाली, आणि पुढं डावी वर! कोपऱ्याला कोपरा. इथंच शंका आली.

मग पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या, ट्रॉली जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून तो डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलवरचा गिअरचा गोळा) बरोबर मध्ये घेतला आणि मागची चाकं जेमतेम सुटेपर्यंत उचललं. आता मागचा ॲक्सल एकाच टेकूवर, डावं-उजवं धरून ठेवणारं मागं काही उरलं नाही, बॉडी कशी बसायची ते पुढचं सस्पेन्शन ठरवणार. गाडी तिरपीच राहिली, म्हणजे दोष पुढं. ॲम्बीला पुढं टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणारे लोखंडी दांडे) असतात, डावीकडचा बार कोणीतरी आधी जास्त चढवून ठेवला होता. तो सेट केला, पाट्यांना हातही न लावता मागची बाजू सरळ. (नुसत्या जॅकवर असताना गाडीखाली शिरायचं नाही, हे हात जोडून सांगतो.)

पद्मिनीवाला, महाल
भाऊ, ही जॅकवाली टेस्ट लाखाची आहे. माझ्याकडं उलटं झालं, जॅकवर गाडी एकदम लेवल आली, म्हणजे दोष मागंच. पाट्यांच्या टोकांत नवीन रबरी बुश टाकून आणल्यापासूनच डावी बाजू वर राहून राहिली होती. शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणारी हलती कडी) बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळले होते, मग गाडी खाली आल्यावर रबर पिळलं जातं आणि स्प्रिंगसारखं वर ढकलत राहतं. बोल्ट ढिले केले, गाडी चाकांवर उभी केली, डिक्कीवर दोघांनी दाबून दाबून हलवली आणि वजनावरच आवळले. झालं काम.

धंतोली, फियाट 1100 डी
डिक्कीतलं मॅट उचलून पाहा. माझ्या गाडीला वेगळा चेसिस नाही, पाट्याचं मागचं ब्रॅकेट बॉडीच्याच पत्र्याला आहे. पेचकस टोचला तर पत्रा पापडासारखा तुटला आणि खालून लाल भुगा पडला. पाटा शाबूत होता, बॉडीच त्याच्यावर खाली बसत चालली होती! अशी गाडी चालवू नका, आधी वेल्डिंग.

मानेवाडा
मडगार्डच्या कडेवर पण पूर्ण भरवसा नको. जुन्या गाड्यांचं डेंटिंग इतक्यांदा झालेलं असतं की कडच वरखाली असते. मी ॲक्सल आणि वरच्या बंप रबरमधली (ॲक्सल फार वर आला तर अडवणारा रबराचा ठोकळा) गॅप दोन्हीकडं मोजली, सारखी निघाली. फरक पत्र्यात होता, सस्पेन्शनमध्ये नाही.

बीटल, सिव्हिल लाइन्स
आमच्याकडं पाटेच नाहीत. मागं टॉर्शन बार, आतल्या टोकाला 40 दाते, बाहेरच्या टोकाला 44. आतून एक दाता पुढं आणि बाहेरून एक मागं केला की एका अंशापेक्षाही कमी फरक पडतो, इतकी बारीक सेटिंग होते. म्हणून उघडण्याआधी दोन्हीकडच्या दात्यांवर खुणा करा, नाहीतर परत कुठं बसवायचं ते कळतच नाही.

हेराल्ड, काटोल रोड
जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका! स्विंग ॲक्सल (दोन्ही बाजूंचा ॲक्सल मधून वेगवेगळा वरखाली झुलतो) असल्यामुळं चाकं खालून आत वळतात आणि गाडी मागून उंच उभी राहते. थोडी पुढंमागं चालवून बसू द्या, मग टेप काढा.

वाडीकडचा, ॲम्बी डिझेल
माझे पाटे खरंच गेले होते, तेही लिहितो. पट्ट्या एकत्र धरणाऱ्या क्लिपच्या आत मेन पाट्याला चीर होती, बाहेरून दिसतच नव्हती, घासून धुतल्यावर दिसली. ट्रकचे पाटे करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी दोन्ही संच जमिनीवर आडवे ठेवले, एका टोकाच्या डोळ्यापासून (गोल भोकापासून) दुसऱ्या टोकाच्या डोळ्यापर्यंत दोरी ताणली आणि मधलं अंतर मोजलं, तिथंच फरक समोर आला. ते म्हणाले एकाच बाजूचं काम करायचं नाही, जोडीनंच करायचं. सेंटर बोल्ट नवीन टाकला आणि थोडी चालवल्यावर पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट परत आवळले.

नवीन सभासद
काका, मला शॉकअप बदलायला सांगून राहिले. बदलू का?

धागाकर्ता
थांब रे बापा. साधा तेलाचा शॉकअप गाडीचं वजन उचलतच नाही, तो फक्त उसळी आवरतो. लीक असेल तर जरूर बदल, पण तिरपेपणा त्यानं जाणार नाही. आधी चारही चाकांची मापं टाक इथं, टायरचे साइजही, मग बघू.