अनुभव धागा: स्वस्तातल्या डाइव्ह बोटीवरचा मुक्काम

चार-पाच दिवस बोटीवरच राहायचे, तेथेच जेवायचे-झोपायचे आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्याखाली उतरायचे, अशा सहलीला डायव्हिंगच्या जगात ‘लिव्हअबोर्ड’ म्हणतात. अंदमानात किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर डायव्हिंग शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांची अशी पहिली सहल थायलंडच्या सिमिलान बेटांची असते. जाहिरातीत मासे दिसतात, केबिन दिसत नाही. म्हणून कमी खर्चाच्या बोटीवर प्रत्यक्षात काय वाट्याला येते, ते अनुभवलेल्यांनी येथे आपापल्या टोपणनावाखाली सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

मी फेब्रुवारीत चार रात्रींसाठी गेलो होतो. सिमिलानचे राष्ट्रीय उद्यान साधारणपणे १५ ऑक्टोबर ते १५ मे एवढाच काळ खुले असते, कारण मालवणचा समुद्र बंद करणारे नैर्ऋत्य मोसमी वारे त्या बाजूलाही उसळतात. खाओ लाकजवळच्या थाप लामू धक्क्यावरून संध्याकाळी बोट सुटली. माझी केबिन तळमजल्यावर, चार बंकची, खिडकीविना होती आणि उशाच्या भिंतीपलीकडे इंजिन होते. पहिली रात्र मी डिझेलचा वास घेत मोजली. दुसऱ्या रात्री इंजिन बंद झाले तेव्हा त्या शांततेनेच जाग आली. अंघोळीचे गोडे पाणी मोजके असल्याने तीन मिनिटांत आटपायचे, आणि संडासात कागद टाकायचा नाही, हे दोन नियम पहिल्याच बैठकीत सांगितले गेले.

सकाळी सहाला घंटा, फळ्यावर काढलेल्या नकाशावरून माहिती, लगेच पाण्यात आणि मग न्याहारी, हा रोजचा क्रम. रात्रभर न वाळलेला वेटसूट (पाण्याखाली ऊब देणारा रबरी पोशाख) पहाटे अंगावर चढवताना काय वाटते, ते थंडीत सोवळ्यासाठी ओला पंचा नेसलेल्यालाच कळेल. दर पाहून मी खूश होतो, पण उद्यानाचे शुल्क, साहित्याचे भाडे, नायट्रॉक्स (टाकीतली जास्त ऑक्सिजनची हवा) आणि खलाशांची बक्षिसी त्यात नव्हती आणि शुल्क तर थाई चलनात, बाथमध्ये, रोख द्यावे लागले.

तरीही रिचेल्यू रॉकसाठी मी पुन्हा त्याच बंकवर झोपेन. घोड्याच्या नालासारखा वळलेला तो खडक जांभळ्या मऊ प्रवाळांनी मढलेला आहे, आणि बोटीचा मुक्कामच जवळ असल्याने किनाऱ्यावरून येणाऱ्या दिवसाच्या बोटी पोहोचण्यापूर्वी आम्ही तेथे उतरलो होतो. देवमासा शार्क दिसला नाही. दिसेलच असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर त्याच्याशी व्यवहार करू नये.

कोरडा पाय

मला बोट लागते, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हते. भाऊच्या धक्क्यावरून अलिबागकडे जाणे निराळे आणि सिमिलानला जाताना ६० किलोमीटरहून अधिक अंतर रात्रीच्या उघड्या समुद्रातून कापणे निराळे. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली, म्हणजे उलटीबरोबर तीही गेली. बोट सुटण्यापूर्वीच ती घ्यायला हवी. परंतु या गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत डाइव्ह करणे धोक्याचे असल्याने कोणती घ्यावी हे डॉक्टरांना आधी विचारावे आणि घरी एकदा घेऊन पाहावी. पाण्याखाली गेल्यावर मळमळ थांबते, हा अनुभव मात्र सुखद होता. तेथे उलटी आलीच, तर रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारे उपकरण) तोंडातून काढायचा नसतो, त्यातूनच करायची असते. मला एकदा करावी लागली. आजूबाजूच्या माशांनी तिचे मनापासून स्वागत केले.

मुक्काम दुबई

मी जानेवारीत इजिप्तमधल्या हुरघाडाहून तांबड्या समुद्रात गेलो होतो. सर्वात स्वस्त आठवडा मिळाला, तो का स्वस्त आहे हे तेथे समजले: पाणी २२ अंशांच्या आसपास, आणि वर आल्यावर उत्तरेचा बोचरा वारा. भाड्याचा पाच मिलिमीटर जाडीचा वेटसूट कोपरावर फाटलेला निघाला. दिवसातल्या चौथ्या डाइव्हला मी दोनदा नकार दिला आणि त्याचे मला वाईट वाटले नाही.

तेथे जाण्याचे कारण ‘थिसलगॉर्म’. हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांच्या बॉम्बनी बुडाले आणि सुमारे ३० मीटरवर टेकले आहे. अंधाऱ्या खणात ओळीने लावलेल्या मोटरसायकलींवर टॉर्च फिरवला, तेव्हा एका हँडलच्या बेचक्यात एक लहानसा मासा घर करून बसलेला दिसला. इतक्या खोलीवर नवशिक्याने जाऊ नये. प्राथमिक ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे. मालवणला हात धरून केलेली अर्ध्या तासाची डाइव्ह म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, हेही येथे लिहून ठेवतो, कारण आमच्या गटातल्या एकाला नेमका तोच गैरसमज होता.

रात्रपाळी

मी बोटबांधणीत काम करतो, त्यामुळे बोटीवर चढताच मी गाद्या नव्हे, दारे पाहतो. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि खाली बंकमध्ये झोपलेले ३४ जण दगावले. खालून बाहेर पडण्याचे मार्ग दोन होते, पण दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होते आणि ते दालनच पेटले होते. रात्री फिरता पहारा नव्हता, ही त्रुटी चौकशीत ठळकपणे पुढे आली. स्वस्त केबिन बहुधा खालचीच असते. म्हणून मी पहिल्या दिवशी खलाशाला सुटकेची झडप उघडून दाखवायला सांगतो, ती कोठे निघते ते स्वतः चढून पाहतो, आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री कोणी पाहत नसताना चार्जिंगला लागलेल्या असतील तर सरळ बोलतो. एका बोटीवर त्या झडपेवर भाज्यांच्या पाट्या रचलेल्या होत्या. त्या माझ्यादेखत हलवल्या गेल्या. नंतर पुन्हा ठेवल्या असतील, तर ठाऊक नाही.

मेतकूट

शाकाहारी असल्याचे नोंदणीतच कळवावे, पण थाई स्वयंपाकात फिश सॉस मिठासारखा पडतो, हे गृहीत धरावे. मी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. भात मिळतोच. तिसऱ्या दिवशी आमचा जर्मन डाइव्ह मास्टर (पाण्याखालचा वाटाड्या) स्वतःहून मेतकूट मागू लागला.

खारा कान

सर्दी असताना मी दडपून उतरलो, कारण पैसे भरलेले होते. नाक मोकळे करणाऱ्या औषधाचा परिणाम पाण्याखालीच ओसरला आणि वर येताना कान बंद झाला. उरलेल्या सात डाइव्ह डेकवर बसून पाहिल्या. परतावा मिळत नाही.

परतीचे तिकीट

अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यावर शरीरात साठलेला नायट्रोजन निघून जाण्यासाठी विमानापूर्वी निदान १८ तास थांबावे लागते. मी पूर्ण २४ तास ठेवतो. फुकेतहून त्याच रात्रीचे स्वस्त तिकीट काढलेल्या आमच्या सोबत्याला ते बदलण्याचा खर्च बोटीच्या एका दिवसाएवढा आला. मी खाओ लाकला साध्या खोलीत राहिलो, लॉगबुकची, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीची, ओली पाने पंख्याखाली उलगडून ठेवली आणि आडवा झालो. पलंग रात्रभर हलत होता.