मदत हवी आहे: २९ आठवड्यांना जन्मलेलं बाळ, आरएसव्ही (श्वसनमार्गाच्या विषाणूचा संसर्ग) होऊन घरी आलंय, रात्रभर श्वास मोजत बसते

नमस्कार. लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

मुलगा १० महिन्यांचा आहे. दिवस भरले असते तर साडेसातचा असता, डॉक्टरही वाढ त्याच हिशेबाने बघतात. २९ आठवड्यांना झाला, वजन १,१२० ग्रॅम. फुफ्फुसं उघडायला सरफॅक्टंट दिलं, मग सीपॅप (नाकातून सतत दाबाने हवा देणारं मशीन), मग नुसता ऑक्सिजन. ३६ आठवडे उलटले तरी ऑक्सिजन लागत होता म्हणून फाइलवर बीपीडी, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांना होणारा फुफ्फुसांचा दीर्घ आजार, लिहिलं गेलं. ६१ दिवसांनी घरी आला. पुढे वजन छान वाढलं, पालथा पडायला लागला, आणि मी हळूहळू ते मशीनचे आवाज विसरत चालले होते.

गौरी बसल्या त्या दिवशी घर भरलेलं होतं. नणंदेच्या मुलीला सर्दी होती, तिने याला मांडीवर घेऊन मुके घेतले. पोर आहे ती, तिचा काय दोष. पाच दिवसांनी याचं नाक गळायला लागलं. तिसऱ्या दिवशी खोकला, आणि झोपेत श्वास मोजला तर मिनिटाला ६४. जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे ऐकायला मिळालं, ‘साधी सर्दी आहे, कमी दिवसांच्या बाळांच्या आया घाबरटच असतात.’ एकदा नेब्युलायझर देऊन परत पाठवलं. मीही मनाला समजावलं की आपणच जास्त करतोय. ते अजून सलतंय.

त्या रात्री तो दूध ओढायचा आणि दोन घोटांत सोडून द्यायचा. आठ तास लंगोट कोरडा. पोट उडत होतं, बरगड्यांखाली खड्डा पडत होता, आणि दर श्वासाला कण्हल्यासारखा बारीक आवाज. पहाटे दुसऱ्या हॉस्पिटलला नेलं तेव्हा सॅचुरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ८६ टक्के. चार दिवस पीआयसीयूत (लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात) हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून वेगाने दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनवर होता, दूध नाकातल्या नळीने. तपासणीत आरएसव्ही निघाला.

तिथल्या डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं. बारीक श्वासनलिका आतून सुजतात, त्यात चिकट कफ अडकतो. मोठ्यांना नुसती सर्दी होते, पण एवढ्याशा नळीत जराशी सूजसुद्धा वाट अडवते. विषाणू आहे, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. ऑक्सिजन, पुरेसं दूध-पाणी, नाक मोकळं ठेवणं आणि वाट बघणं, एवढाच उपचार. तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात वाईट असतो, हेही तेव्हा कळलं. आईकडून बाळाला मिळणारी प्रतिकारशक्ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जाते. याच्या वाट्याला ते महिने आलेच नाहीत.

मंगळवारी घरी आणलंय. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळेल असं सांगितलंय. तो आता हसतो, मऊ भात खातो. बिघडलेय ती मी.

दर तासाला उठून त्याचा श्वास मोजते. ४४, ४८, ४६. दोन महिन्यांच्या पुढच्या, वर्षाच्या आतल्या बाळाला ५० किंवा जास्त म्हणजे वेगात, हे पाठ आहे, पण ४८ दिसलं की हातपाय गार पडतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं, त्याच्या इवल्या पायावर ते धड बसत नाही. पाय हलवला की ८४ दाखवतं, शांत झोपला की ९७. कशावर विश्वास ठेवू? नवरा सातपूरला रात्रपाळीला असतो, तेव्हा ठरवणारी मी एकटीच.

दुसरं, सासूबाई. हॉस्पिटलच्या बाकावर आठ रात्री माझ्यासोबत त्याच बसल्या होत्या, म्हणून दुखवायचं नाहीये. पण त्यांना ओव्याची धुरी द्यायचीय, छातीला कापूर घातलेलं तेल चोळायचंय. डॉक्टरांनी धूर पूर्ण बंद सांगितलाय, उदबत्ती आणि मच्छर कॉइलसकट. लहान बाळाच्या अंगात कापूर गेला तर झटके येऊ शकतात. हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘मग मी करू तरी काय?’ मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांची बाळं यातून गेलीत त्यांनी सांगा, घरी आल्यावर तुम्ही रात्री कशा झोपलात?

रविवारी भर घालतेय: सगळ्यांचे मनापासून आभार. एका ताईंनी विचारलं, ‘आकड्याआधी बाळाकडे बघता का?’ बघत नव्हते. आता आधी कपडे वर करून छाती-पोट बघते, ओठांचा रंग बघते, मागच्या सहा तासांत शू झाली का ते आठवते. मग तो गाढ झोपेत असताना पूर्ण एक मिनिट मोजते, रात्रीतून दोनदाच. ऑक्सिमीटर कपाटात ठेवलं. खड्डा, कण्हणं, दूध सोडणं, ओठ निळसर, श्वास मध्येच थांबणं, यातलं एक जरी दिसलं तरी कुणाला न विचारता निघायचं. फ्रिजवर लिहून लावलंय, रिक्षावाल्या शेजाऱ्यांचा नंबरही.

दुसऱ्या एकींनी सुचवलं की मोजायचं काम आजीला द्या. घड्याळाचा काटा सासूबाईंना दिसत नाही, म्हणून मी मिनिट लावते आणि त्या श्वासागणिक जपमाळेचा एक मणी ओढतात. काल ४२ आले. दोघींचं जुळलं. दूध पाजायच्या आधी नाकात सलाइनचे थेंब घालायचं कामही त्यांनी घेतलंय. धुरीचा विषय परत निघाला नाही.

फ्लूची लस खोकला गेला की देणार, पहिल्यांदाच असल्याने चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. आम्ही तिघंही घेणार.

आता उरलेला प्रश्न. रजा संपतेय, नोव्हेंबरपासून पाळणाघर बघावं लागेल, आणि तिथे बारा मुलं आहेत. बीपीडी असलेलं बाळ पहिल्या हिवाळ्यात कुणी पाळणाघरात ठेवलं होतं का? की दोन-तीन महिने बिनपगारी रजा घेऊन थांबलात? पैशांची ओढाताण होईल, पण जमवू. ज्यांनी ठेवलं, त्यांनी वारंवार आजारपण आलं का तेही लिहा.