फ्रीबीएसडीची डीव्हीडी दोनदा राईट केली, तरी बूट होईना

केळीचं_पान (रावेर):
भावांनो, काकांच्या कृषी केंद्रात बिलिंगला असलेला जुना डेस्कटॉप घरी पडेल आहे, कोर टू ड्युओ, २ जीबी रॅम, म्हटलं याच्यावर फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून पाहू, लिनक्स झालं वापरून. पेनड्राइव्हवरून तो बूटच होत नाही, कर्सर लुकलुकत बसतो. म्हणून डीव्हीडी. कोऱ्या डीव्हीडीसाठी जळगावला गोलाणी मार्केटात चार दुकानं फिरलो, पोरगा म्हणे आता कोण घेतं या! डिस्क-वनची (मुख्य इन्स्टॉल डिस्कची) आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, उतरवली, डीव्हीडीवर टाकली, दोनदा. ड्राइव्ह थोडा गुरगुरतो अन् सरळ एक्सपी चालू. अजून एक, फाइलच्या नावात एएमडी६४ आहे, माझा तं इंटेल आहे, त्याच्यामुळे होऊ राहिलं का?

यार्डातला_भाऊ (भुसावळ):
आधी ती डिस्क लॅपटॉपमधे टाकून उघड आणि काय दिसतं ते सांग. बूट, ईटीसी, यूएसआर असे फोल्डर दिसतात की एकच आयएसओ फाइल?
एएमडी६४ ची काळजी नको. ६४ बिटवाली रचना आधी एएमडीनं काढली, इंटेलनं नंतर घेतली, म्हणून नाव तसं पडलं. कोर टू ड्युओला तीच लागते. आणि ३२ बिटची आय३८६ तर फ्रीबीएसडी १५ पासून बंदच केली.

केळीचं_पान:
एकच फाइल 😐 दोन्ही डिस्कवर

यार्डातला_भाऊ:
मंग झालं. तू डिस्क बनवली नाही भो, डिस्कवर फाइल कॉपी केली. बायोस, म्हणजे मशीन चालू होताच पहिले धावणारा प्रोग्राम, डिस्कच्या १७ नंबरच्या सेक्टरला (छोट्या कप्प्याला) बूटची खूण शोधतो, तिथून पुढचा पत्ता घेतो. ती खूण तुझ्या आयएसओच्या पोटात आहे आणि बायोसला पोटात बघता येत नाही. इमेज म्हणून राईट केली की तोच सेक्टर डिस्कच्या १७ नंबरला येतो.

तापीकाठ (चोपडा):
विंडोजमधे आयएसओवर राईट क्लिक, बर्न डिस्क इमेज. विनरार टाकलेलं असेल तर तो ऑप्शन गायब होतो, मग ओपन विथमधे जाऊन विंडोज डिस्क इमेज बर्नर निवड. खाली व्हेरिफायची टिक आहे ती करच. लॅपटॉपवरच कर, डेस्कटॉपवर अर्ध्यात लाइट गेली की डिस्क गेली, माझ्या अशा तीन गेल्या.
त्याआधी आयएसओचा एसएचए२५६ हॅश (फाइलचा ठसाच समज) साइटवरच्या चेकसमशी जुळव, विंडोजच्या सर्टयुटिल कमांडनं निघतो. मोबाइलच्या नेटवर उतरवली असशील तर नक्कीच.
एक गंमत सांगतो, मी लिनक्सवर डीडी कमांडनं डिस्क परत वाचून हॅश काढला तर जुळेचना, दोन दिवस डोकं खाल्लं. डिस्क चांगली होती! शेवटी जास्तीचे रिकामे सेक्टर वाचले जात होते. आयएसओचा आकार भागिले २०४८, तेवढेच सेक्टर वाचायला सांगितले तेव्हा बरोबर जुळला.

जुना_खोका (धुळे):
मेमस्टिकवाली इमेज डीव्हीडीवर टाकू नको फक्त, ती पेनड्राइव्हसाठी असते. नुसती सीडीच असेल तर बूटओन्ली घे, ७०० एमबीत बसते, बाकीचं नेटवरून ओढते. डिस्क-वन आता सीडीत मावत नाही. १९९३ ला पहिली फ्रीबीएसडी आली तेव्हा सीडीच विकायचे, आणि तिच्याच भाऊबंद सिस्टीमवाले, ओपनबीएसडीवाले तर २०१६ च्या ६.० पर्यंत विकत होते.

केळीचं_पान:
झालं!! तिसरी डिस्क, कमी स्पीडला, व्हेरिफाय करून. मेनू आला, आता इन्स्टॉलर विचारू राहिला ऑटो झेडएफएस का ऑटो यूएफएस, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत कोणती, काय घेऊ?

यार्डातला_भाऊ:
२ जीबीत यूएफएस. झेडएफएस रॅम खातं. आणि पार्टिशन कमिट करायच्या आधी काकांची बिलं दुसरीकडं काढून घेतली ना रे? ते पूर्ण हार्डडिस्क पुसतं.

केळीचं_पान:
थांबा, काकांना फोन लावतो

तापीकाठ:
😂 लाव. त्या दोन वाया गेलेल्या डिस्का फेकू नको, आमच्या ज्वारीत दोरीला बांधून टांगल्यात, पाखरं बुजतात.