लिमिटेड एडिशन प्रिंट ही गुंतवणूक? आधी प्लेट कुठे आहे ते विचारा

गंगापूररोडकर:
काल इथे एकाने लिहिलं की अमूर्त चित्रांच्या लिमिटेड एडिशन प्रिंट घेऊन ठेवा, शंभरच काढल्यात, खाली पेन्सिलने १७/१०० आणि सही आहे, पाच वर्षांत दुप्पट होतील. वाचून डोकं फिरलं. बिंदूसाठी ओळखल्या जाणाऱ्या चित्रकार रझांच्या 'जेस्टेशन'ला २०२३ मध्ये ५१.७५ कोटी आले ते कॅनव्हासला आले, त्यावरून इंकजेटवर काढलेल्या बिंदूच्या प्रिंटचा भाव कसा ठरवता? एचिंग (आम्लाने कोरलेली धातूची प्लेट) किंवा वुडकटमध्ये (कोरलेला लाकडी ठोकळा) चित्रकार स्वतः प्लेटवर, लाकडावर राबतो आणि एडिशन संपली की प्लेटवर ओरखडे मारून ती रद्द करायची पद्धत आहे. जिक्लेची, म्हणजे या इंकजेट प्रिंटची, फाइल मात्र हार्ड डिस्कवर तशीच राहते, उद्या दोन इंच मोठी काढून नवी एडिशन म्हटलं तर अडवणार कोण? शिवाय शंभराच्या वर एपी म्हणजे आर्टिस्ट प्रूफ, चित्रकाराच्या स्वतःच्या जादा प्रती, वेगळे असतात, ते कोणी सांगतच नाही.

कॉलेजरोड_आर्किटेक्ट:
तुमचं सगळं बरोबर धरलं तरी सामान्य माणसाने भिंतीवर काय लावायचं? चित्रकार गायतोंडेंचं एक चित्र २०२१ मध्ये ३९.९८ कोटींना गेलं. माझ्या क्लायंटचा अख्खा फ्लॅट त्याच्या शंभराव्या भागात बसतो. चांगल्या कॉटन पेपरवर पिगमेंट शाईची प्रिंट वर्षानुवर्षं टिकते. आणि सेरिग्राफचं, म्हणजे जाळीच्या स्क्रीनमधून छापलेल्या प्रिंटचं काय? त्यात स्क्रीन बहुतेकदा छापणारेच बनवतात, चित्रकार प्रूफ पास करून सही करतो, ते तुम्हाला चालतं?

नाशिकरोड_निवृत्त:
मी नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी केलीय म्हणून बोलतो. नवी शंभराची किंवा पाचशेची नोट घ्या, बोट फिरवा, उठाव लागतो ना, ते इंटॅग्लिओ. एचिंगचं तत्त्व तेच, खोलगट रेषेत शाई भरायची आणि दाबाने कागदावर घ्यायची, कडेला प्लेटचा दाब उमटतो. इंकजेटला तो नसतो. भिंग लावून बघा, बारीक ठिपक्यांचा फवारा दिसेल.

पंचवटी_नाणीवाला:
मग नोटांचंच घ्या, ७८६ च्या नोटेला लोक जास्त पैसे देतातच ना? आकड्याला किंमत आहे. मी तर म्हणतो १/१०० वाली प्रिंट महागच हवी.

नाशिकरोड_निवृत्त:
७८६ ला भाव श्रद्धेमुळे आहे, छपाईमुळे नाही! छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी नंबरात * असलेली स्टारवाली नोट घालतात, २००६ पासून, तिलाही लोक दुर्मिळ म्हणून विकायला लागले. प्रिंटमध्ये ड्रायपॉइंट, म्हणजे सुईने थेट प्लेटवर ओरखडलेलं काम, असेल तर पहिल्या प्रती खरंच सरस, कारण तांब्यावरची खरखर दाबाने झिजते. बाकी बहुतेक ठिकाणी १ आणि ९९ जवळपास सारखेच, आणि नंबर छापल्याच क्रमाने टाकतात असंही नाही.

पंचवटी_नाणीवाला:
स्टार नोटेला तुम्ही नावं ठेवू नका, कमी छापलेल्या सिरीजला खरी मागणी आहे. अंजनेरीच्या नाण्यांच्या संस्थेत जाऊन या, छपाईतला आणि टांकसाळीतला दोष लोक का जमवतात ते कळेल. प्रेसमध्ये होतात म्हणून संग्राहकांचं सगळं कळतं असं नाही.

नाशिकरोड_निवृत्त:
आणि तुम्ही विकता म्हणून छपाई कळते असंही नाही.

गंगापूररोडकर:
अहो नोटांचा धागा वेगळा काढा! इथे लोकांचे पन्नास-साठ हजार अडकतायत. माझा मेव्हणा त्याची प्रिंट विकायला गेला तर ज्या गॅलरीने विकली तीच परत घेईना, म्हणे आम्ही जुना माल ठेवत नाही. घेताना 'गुंतवणूक', विकताना 'जुना माल'. आणि सहीचं म्हणाल तर १९७४ मध्ये फ्रान्सच्या कस्टम्सने अँडोराला निघालेला ट्रक अडवला, आत चित्रकार साल्वादोर दालीच्या सहीचे ४०,००० कोरे कागद. सही आधी, चित्र नंतर!

सिडकोची_ताई:
फ्रेमवाल्यांवर पण बोला कोणीतरी. वडिलांनी हौसेने घेतलेली एचिंग होती. फ्रेमवाल्याने साइज बसेना म्हणून खालची कड कापली, नंबर आणि सही त्याच कडेत, वर गोंदाने हार्डबोर्डला चिकटवली. पावसाळ्यात पिवळे डाग पडले. आता घेणारा म्हणतो याला पुरावाच नाही. चित्र तेच, रेषा त्याच, बाबा रोज बघायचे तेच. कृपा करून अ‍ॅसिड-फ्री माउंट (आम्ल नसलेला पुठ्ठा) मागा, कागदी बिजागरीने अडकवा, काहीही कापू देऊ नका.

कॉलेजरोड_आर्किटेक्ट:
ताई, फार वाईट झालं. यापुढे माझ्या प्रत्येक साइटवर फ्रेमिंग मी उभी राहून करून घेईन. गंगापूररोडकर, तुमचं एक मान्य, जिक्लेला जिक्लेच म्हणायचं आणि एकूण किती प्रती, एपी किती, प्लेट-फाइलचं काय केलं हे बिलावर लेखी घ्यायचं. पण प्रिंट घेणाऱ्याला सरसकट मूर्ख ठरवलंत ते मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

गंगापूररोडकर:
मूर्ख म्हटलं नाही, फसवला जातोय म्हटलं. आवडली म्हणून आठ हजारांची प्रिंट घ्या, मी स्वतः खिळा ठोकायला येतो. दुप्पट होईल म्हणून साठ हजार मोजायला सांगणाऱ्याने मात्र आधी एक प्रिंट परत विकल्याची पावती इथे टाकावी.