मदत हवी आहे: पालापाचोळ्यातल्या बारक्या कोळ्याचं वर्णन

राम राम मंडळी, आमच्या इकडं धारणीकडच्या सागाच्या जंगलात पाचोळा चाळून पांढऱ्या कापडावर टाकला की दीड-दोन मिलिमीटरचे केशरी कोळी पळतात, डोळे सहाच, पोटावर वरखालून कडक ढाल, म्हणजे ऊनोपिडी कुटुंबातला दिसतो, पण प्रजाती कोणत्याच की मध्ये (ओळख पटवायच्या तक्त्यात) बसून नाही राहिली. नमुने वनखात्याची परवानगी घेऊन गोळा केले, 75 टक्के इथेनॉलमध्ये ठेवले आहेत, लेबलवर जागा-तारीख सगळं.

अडलं कुठं तर नराचा पाल्प, म्हणजे तोंडाजवळचा पायासारखा अवयव, ज्यानं नर मादीला शुक्राणू देते. या कोळ्यांत ओळख त्याच्यावरच ठरते अन् तो एवढासा की साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली नुसता ठिपका दिसते. लवंगेच्या तेलात पारदर्शक करून जास्त मोठं दाखवणाऱ्या कंपाउंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं का? किती वेळ ठेवायचं? एम्बोलस (पाल्पाचं बारीक टोक) मोडायची लय भीती वाटते भाऊ, पूर्ण वाढलेले नर फार थोडे हाती आहेत. मादीच्या आतल्या जननेंद्रियासाठी लॅक्टिक ॲसिड बरं की पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड)?

दुसरं, होलोटाइप (नव्या प्रजातीचं नाव ज्या एका नमुन्यावर ठरते तो) ठेवायला विदर्भाजवळ कोणतं संग्रहालय घेते? नवीन नावासाठी 1999 नंतर होलोटाइप अन् तो कुठं ठेवला हे दोन्ही पेपरात सांगावंच लागते, म्हणून हे आधी पक्कं करायचं आहे. अन् विदर्भात कोणाकडं एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) वापरायची सोय असली तर खर्चासकट सांगा, आम्ही नमुने घेऊन स्वतः येतो. वैशाखात पाचोळ्याला आगी लागतात, त्याच्या आधी अजून माद्या शोधायच्या आहेत, तेव्हा जमलं तर लवकर सांगा.