परदेशी पथकाला चष्मे वाटायला गावात बोलवावं का?

कास्तकार_घाटंजी
माझी पुतणी नागपूरला शिकली, आता अमेरिकेत डोळे तपासते. दरवर्षी आठवडाभराची रजा टाकून तिथल्या स्वयंसेवकांसोबत मध्य अमेरिकेतल्या खेड्यांत जाते. शाळेच्या व्हरांड्यात तक्ता टांगायचा, नंबर काढायचा, चष्मा तिथंच हातात. तिकिटाचा पैसा स्वतःचा. यंदा म्हणते, "काका, डिसेंबरात आपल्या गावी आणू का सगळ्यांना?" गावात यावरून दोन तट पडले आहेत. मी बोलवा म्हणणाऱ्यांतला. तुम्ही सांगा.

चष्मेवाला_वणी
नका बोलवू. माझं दुकान आहे म्हणून पोटात दुखतं म्हणाल, तर म्हणा. अशा शिबिरांतले चष्मे शेवटी माझ्याच टेबलावर येतात. गेल्या महिन्यात एक मावशी आल्या. उजवा डोळा +1.50, डावा +2.50, आणि मिळालेला चष्मा दोन्हीकडे +2. दांडीला दोरा बांधलेला. "डोकं दुखते" म्हणाल्या. दुखणारच. त्यात हे लोक जुने वापरलेले चष्मे आणतात. 2012 साली एक अभ्यास छापून आला होता: दानात आलेल्या 275 जुन्या चष्म्यांपैकी जेमतेम 7 टक्के देण्याजोगे निघाले, आणि असा एक चष्मा नव्या तयार चष्म्याच्या जवळपास दुप्पट खर्चात पडला. दुसऱ्याचं जुनं लुगडं अंगाला होते, दुसऱ्याचा नंबर डोळ्याला होत नाही.

कास्तकार_घाटंजी
पुतणीला विचारलं. तिचं पथक जुने चष्मे आणत नाही, नवेच आणतं.

वेचणीवाली
दुकानदार भाऊ, तुमचं बराबर असन, पण माही माय तुमच्या दुकानापर्यंत कधी आलीच नाही ना. वय 58. कापूस वेचताना बोंड हाताले लागे, पण वाळलेली पत्ती दिसे नाही. व्यापारी काट्यावर म्हणे, "पत्ती लय हाये", अन् भाव पाडे. आमाले वाटे तिचा हातच तसा. मंग शेजारणीचा चष्मा तिनं गमतीनं डोयावर चढवला अन् ओंजळीतला कापूस पाहून गप्पच झाली. आसामात चहाची पानं खुडणाऱ्या चाळिशीवरच्या मजुरायले जवळचे चष्मे देऊन पाह्यले होते. 2018 मध्ये निकाल आला. चष्मा न भेटलेल्यायपेक्षा त्यायची खुडणी जवळपास 22 टक्क्यानं जास्त वाढली. विलायती लोक फुकट देऊन राह्यले तर नाही काहून म्हणाचं?

उपकेंद्रातली_ताई
कारण चाळिशी हा सगळ्यात सोपा भाग आहे, बाई. तिला +1 ते +3 चा तयार चष्मा पुरतो. मला भीती मोतीबिंदूवाल्याची. तो रांगेत उभा राहतो, चष्मा घेतो, "झाले माझे डोळे" म्हणून दोन वर्षं घरी बसतो. काचबिंदू असला तर त्या दोन वर्षांत गेलेली नजर कोणी परत आणत नाही. साखरेच्या पेशंटचा पडदा व्हरांड्यातल्या तक्त्यावर कळत नाही. पथक आठव्या दिवशी विमानात, आणि लोक माझ्या दारात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून आहे, सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू फुकट निघतो. मग तेच नीट मागा ना.

एसटीचा_प्रवासी
मागून मागून थकलो, ताई. डोळे तपासणारे ग्रामीण रुग्णालयात ठरल्या वारीच भेटतात, आणि त्याच वारी आमची गाडी रद्द होते. म्हाताऱ्यासोबत एक धडधाकट माणूस लागतो, म्हणजे दोन मजुऱ्या बुडाल्या. "फुकट" तेवढ्याला पडतं.

उपकेंद्रातली_ताई
हे मान्य. म्हणूनच म्हणते, पुतणीनं विमानाच्या तिकिटाऐवजी जीपचं भाडं पाठवावं. एका तिकिटात किती म्हातारे जिल्ह्याला जाऊन येतील, हिशेब करा.

कास्तकार_घाटंजी
केला. पुतणीलाही ऐकवला, तर रागावली. म्हणाली, "मी आले तर काम तरी होईल, पैसे पाठवले तर सरपंचाच्या जीपमध्ये डिझेल जाईल." (आमच्याकडे सरपंच मीच आहे.)

वेचणीवाली
😂 पण डिसेंबरात बोलवू नका, बाप्पा. वेचणी सोडून कोण येते? दिवाळीच्या आगंमागं सोयाबीन, मंग कापूस, मंग तूर. फेब्रुवारीत बोलवा, अन् संध्याकाळी ठेवा.

चष्मेवाला_वणी
बोलवणारच असाल तर दोन दिवस मी दुकान बंद ठेवून येतो. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा निघाला तर त्या माणसाला तयार चष्मा द्यायचा नाही, कागद माझ्याकडे द्यायचा, काचेच्या भावात करून देईन. आणि तक्ता चार दिशांच्या E चा आणायला सांगा. मागच्या शिबिरात इंग्रजी अक्षरांचा टांगला होता. अर्धे म्हातारे "नाही दिसत" म्हणाले आणि त्यांना जाड नंबर मिळाला.

उपकेंद्रातली_ताई
माझं मत अजून नाहीच आहे. पण ठरलं तर जीप शिबिराच्या आदल्या दिवशी नको, नंतरच्या सोमवारी पाहिजे. यादी मी करते.